नऊला उडून दहाला

भावाकडे मस्कतला निघालो त्या सकाळी रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर पूर्णगडच्या अमिनाभाभी डबा घेऊन हजर. त्यांची शबाना लग्न होऊन मस्कतला गेलेली. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, आणि घशाखाली काही उतरत नव्हतं. डब्यात पहाटे केलेलं सांदण (तांदूळ नि नारळाच्या रसाचा वाफवलेला गोड पदार्थ) होतं.

"भाऊ, गरम गरम पोचवा हां! जावई सांगत होता, मुंबयला नवाला इमान उडला की धाला मस्कत."

"आणि मुंबईपर्यंत?"

"मुंबय काय, घरच्यासारखीच!"

त्यांच्या मोहल्ल्यातले निम्मे पुरुष मुंबईत. तिथे मुंबई अंतरात धरायची पद्धतच नाही. मी वाद घातला नाही. वाद घालायला मला आधी चहा लागतो.

तो चहा संगमेश्वरच्या अलीकडे मिळाला, कारण गाडी तिथेच पंक्चर झाली. चिपळूणला जेवलो. पुढे घाटात शेजारचे गृहस्थ माझ्या खांद्यावर झोपले ते पनवेलपर्यंत. डबा मांडीवर होता आणि आता तो गरम नव्हता. मुक्काम मुंबईत मामेभावाकडे झाला.

दुसऱ्या दिवशी विमानात सांगितलं, अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर, वेळ अडीच तास. खाली नुसता समुद्र, मग उघडे तपकिरी डोंगर. उतरल्यावर सगळ्यांनी घड्याळं दीड तास मागे घेतली, तेव्हा जावयाचा हिशेब कळला. नऊला उडालो, दहाला उतरलो. पठ्ठ्या खोटं बोलला नव्हता.

शबानाने दारातच डबा उघडला. आंबूस वास आला. ती हसली, मग तिचे डोळे भरले.

"काका, अम्माला सांगू नका. खाल्लं म्हणा. मी तासावर आहे असं वाटतं तिला. त्या भरवशावरच तिनं मला इथे दिली."

मी मान डोलावली. डबा धुवायला ती आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मला फार वाईट वाटलं.

पुढचे दिवस भावाबरोबर बाजार पाहिला, हलवा खाल्ला, उन्हाने भाजून निघालो.

परत आल्यावर डबा द्यायला पूर्णगडला गेलो. अमिनाभाभी अंगणात मासे वाळत घालत होत्या.

"खाल्लंन ना पोरीनं?"

"खाल्लं."

"गरम होता?"

"होतं."

त्या खूश झाल्या. "आता माझी काळजी मिटली. व्हिसा आलाय. कळा सुरू झाल्या की जावई तार करील. तार आली की निघतंय, तासाभरात पोरीजवळ!"

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. मी त्यांना ओटीवर बसवलं आणि सगळं सांगितलं: एसटी, घाट, मुंबईतला मुक्काम, विमानतळावरचं ताटकळणं, घड्याळाची गंमत. सांदण आंबलं होतं तेही. तारेची वाट पाहाल तर नातवंड आधी येईल, म्हणालो.

भाभी उठल्या आणि कपडे पिशवीत भरू लागल्या.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना मुंबईच्या गाडीत बसवून दिलं. शबानाला दिलेला शब्द मोडला होता, पण त्याचं मला दुःख नव्हतं. भाभी वेळेवर निघाल्या हेच खूप वाटत होतं. गाडी सुरू झाली तशी त्यांनी खिडकीतून माझा हात धरला.

"भाऊ, एवढी लांब दिली काय मी पोरीला?"

मी "हो" म्हणालो.