तारेनं दाबलेलं बटण

कस्तुराला मिशी असती ना, तर एका हातानं पिळायला गेली की दुसराही हात गेला असता. नाही मिशी, म्हणून वाचली बिचारी!

हसा, पण ऐका. लातूरकडची ही पोरगी भोसरीत एका शेडात पावरप्रेसवर पत्र्यातून वायसर, म्हणजे बोल्टाखालच्या चकत्या, ठोकून काढते. जन्मापासून तिचा एक हात जे करील तेच दुसरा आपोआप करतो. सासूला वाटायचं, सून वेडावते. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी उलगडून सांगितलं. बाळ पोटात घडत असतं तेव्हा मेंदूतल्या नसांना पलीकडच्या अंगाला जायचं असतं. वाढत्या नसेच्या टोकावर डीसीसी नावाचं प्रथिन असतं, ते वाटेतल्या खुणा ओळखतं. कस्तुराचं तेच कमी पडलं, काही नसा अलीकडंच राहिल्या. म्हणून उजव्या हाताला दिलेला हुकूम डाव्यालाही पोचतो.

"मग मी मुद्दाम करत न्हाई ना?" कस्तुरानं एवढंच विचारलं.

आता प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ठोका पडतो, म्हणजे बोटं आत सापडत नाहीत. पण शेडात सगळ्यांनी एक बटण तारेनं करकचून दाबून ठेवलेलं. डाव्या हातानं पत्रा सरकवायचा, उजव्यानं ठोका मारायचा; माल भराभर निघतो. कस्तुरानं आपल्या प्रेसची तार सोडली आणि तिचा माल कमी पडून सगळ्या लाइनीचं टार्गेट हुकलं.

"महाराणी आली!" शेजारच्या प्रेसवरची सावित्रीबाई करवादली. "आमी तारेवर काम करतो, आमची बोटं काय दगडाची हायत का?"

सुपरवायझर ज्योतीराम तार घेऊनच आला. "बांध, न्हाईतर घरी बस."

"साहेब, मी पत्रा उचलला की दुसरी बोटंपण हलतात. बटण दाबलं जाईल."

"नाटकं बंद कर!"

कस्तुराचे कान तापले. तिनं मेन स्विच पाडला, स्वतःच तार बांधली. उजवा हात मोकळ्या बटणावर ठेवला, डावा ठोक्याखाली घातला आणि पत्रा चिमटीत धरला. उजवी बोटं आपसूक आवळली. खट्! बटण दाबलं गेलं. करंट असता तर?

ज्योतीरामनं घाम पुसला, पण आवाज चढलेलाच. "असली बाई मला नकोच! सावित्रीबाई, बसा तिच्या जागी."

सावित्रीबाईनं त्या तारेकडं पाहिलं. मग आपल्या बोटांकडं.

"म्या न्हाई बसत. बसा की तुमीच!" आणि कस्तुराकडं वळून फणकारली, "भवाने, इतकी वर्सं बिनघोर काम केलं, आज तू भ्या घातलंस!" शिव्या घालतच तिनं आपल्या प्रेसची तार उलगडायला घेतली. मागून आणखी दोघींनी.

ज्योतीराम पाय आपटत निघून गेला. तारा सुटल्या त्या सुटल्याच, कस्तुराही आपल्या प्रेसवर टिकली. अजूनही तो कस्तुराशी धड बोलत नाही, सावित्रीबाई तर चहालाही हाक मारत नाही. नका मारू! दोन्ही बटणं एका दमात दाबायची म्हटलं, तर त्या अख्ख्या शेडात कस्तुराचा हात धरणारं आहे कोण?