उभी गाडी

माझ्या यजमानांची वाचा गेली आणि ते इस्पितळातून घरी आले, त्याच दिवशी मी फ्रिजवर तक्ता लावला. औषधं, मालिश, उजव्या हाताचे व्यायाम, वाचेचे व्यायाम, फिरणं. माझा स्वभावच तसा; लिहून ठेवलं की निम्मं काम झालं असं मला वाटतं. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू आणि बोलणं एकदमच गेलं होतं. पाय बराच सुधारला, काठी घेऊन ते जिना उतरू लागले. शब्द मात्र आले नाहीत. समजायचं सगळं, पण ओठांवर यायचं ते फक्त ‘ते... ते...’ एवढंच. कपाचं चित्र दाखवलं तरी ‘ते’, घड्याळाचं दाखवलं तरी ‘ते’. वाचा-उपचार करणाऱ्या मॅडम म्हणायच्या, त्यांना वेळ द्या, थांबा. मी मान हलवायची. पण घरी कुणी भेटायला आलं आणि ‘काय, बरं आहे ना?’ असं त्यांना विचारलं, की माझंच उत्तर तयार असायचं. त्यांना त्रास नको, असं माझ्या मनात असे.

पावसाळा सरत आला तसे ते प्रयत्नच करेनासे झाले. चित्र समोर धरलं की मान फिरवायचे. गॅलरीत बसून खाली पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या आपल्या मोटरसायकलकडे बघत राहायचे. ही गाडी आमच्या मुलीपेक्षा मोठी. तिचं अ‍ॅव्हरेज हा त्यांचा अभिमानाचा विषय. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये पाटावर बसून कार्ब्युरेटर उघडायचा, पुसायचा, पुन्हा लावायचा आणि मग इंजिनाकडे कान लावून हवेचा स्क्रू हळूहळू फिरवत राहायचा, हे त्यांचं व्रतच. मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा होणाऱ्या जावयाला त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता, “तुमची गाडी किती अ‍ॅव्हरेज देते?” जावई घाबरून पगाराचा आकडा सांगून बसला. उभ्या गाडीचं पेट्रोल जाळणं म्हणजे पाप, असं ते नेहमी म्हणत. सिग्नलला इंजिन बंद करत, उतारावर गिअर काढू देत नसत, आणि गाडी लावली की पेट्रोलचा नॉब बंद करायला विसरत नसत.

ती गाडी विकायचं मी ठरवलं. डोळ्यांसमोरून गेली की त्यांचं दुःखही कमी होईल, असा माझा हिशोब. गॅरेजवाल्याने गिऱ्हाईक आणलं, ते दसरा झाला की गाडी न्यायला येणार होतं. ह्यांना मी काही सांगितलं नव्हतं.

त्या नवरात्रात घरी घट बसले होते. आमच्या कुलस्वामिनीचे घट मी लग्न झाल्यापासून बसवते. नंदादीपात तेल, माळ, आरती, नैवेद्य, सगळं वेळेवर होत होतं. देवीपुढे हात जोडले की माझं मागणंही क्रमवार असायचं. आधी शब्द, मग हात, मग त्यांचा पूर्वीचा हसरा चेहरा. पण मनात कुठेतरी वाटू लागलं होतं, ऐकणारं कुणी आहे का तिकडे? अष्टमीला सकाळी त्यांनी चित्रांची कार्डं हाताने ढकलून दिली. ती जमिनीवर पसरली. मी ती गोळा केली, ओट्यावर ठेवली आणि घटासमोर येऊन बसले. नेहमीचं मागणं मला आठवेना. बराच वेळ नुसती ज्योतीकडे बघत राहिले आणि म्हटलं, “आई, मला आता काही सुचत नाही. तू बघ.”

दसऱ्याला आमच्याकडे गाडीची पूजा असते. हार, हळद-कुंकू, चाकाखाली लिंबू, आणि मग गाडी सुरू करून देवळापर्यंत एक फेरी. दरवर्षी ही पूजा ह्यांच्याच हातची. गाडी जाणारच होती, पण जाताना तिची पूजा चुकायला नको, म्हणून मी ह्यांना हाताला धरून खाली आणलं, खुर्ची दिली, आणि पूजा केली. शेजारचे सावंत भाऊ किक मारायला आले. त्यांनी मारली, मग त्यांच्या पुतण्याने मारली. गाडी खोकलीसुद्धा नाही.

“वहिनी,” घाम पुसत सावंत म्हणाले, “चमकवली तर अशी आहे की हिच्यात बघून भांग पाडावा. सुरू कधी केली होती?”

“सुरू कशाला करायची? दर शनिवारी पुसते की! उगाच उभ्या गाडीचं पेट्रोल...”

वाक्य मी अर्धंच सोडलं. ह्यांना झटका आला त्या दिवशी गाडी कुणीतरी बाजाराच्या रस्त्यावरून ढकलत आणून लावली होती. नॉब कोण बंद करणार? तेव्हापासून मी ती फक्त पुसत होते. आतलं पेट्रोल आतच वाळत गेलं होतं.

तेवढ्यात बाजूच्या कट्ट्यावरून एक जण उठून आला. पस्तिशीचा असेल, दाढी नीट कोरलेली, पायाशी दोरीने बांधलेला मोठा खोका. बी विंगमधल्या म्हात्र्यांचा मुलगा कुवेतला असतो, त्याच्याच कंपनीत हाही कामाला. सुट्टीवर गावी येताना मित्राने घरच्यांसाठी दिलेलं सामान पोहोचवायला आला होता. म्हात्रे सगळे करंजाला नातेवाइकांकडे गेलेले. फोनवर ते म्हणाले होते, निघालोच आहोत, थांब. म्हणून तो बसला होता.

“काकी, इजाजत असेल तर बघू का? आमच्या अब्बांची हीच गाडी होती. शुक्रवारी नमाज झाली की अब्बा हिचं कार्ब्युरेटर खोलून बसायचे. अम्मी म्हणायची, निकाह माझ्याशी केलात की हिच्याशी?”

ह्यांच्या ओठांची एक कड हलली. मी ते पाहिलं.

मी सीटखालची हत्यारांची पिशवी काढून दिली. त्याने हार काढून आधी माझ्या हातात नीट दिला, मग कामाला हात घातला. कार्ब्युरेटरची खालची वाटी उघडली तर तळाशी गुळाच्या पाकासारखं पिवळं चिकट साचलेलं, आणि वासही पेट्रोलचा नाही, जुन्या रंगाच्या डब्याचा. त्याने ते धुतलं, पेट्रोल जाण्याचे बारीक छिद्रांचे जेट काढून उजेडाकडे धरले, झाडूची एक बारीक काडी घालून साफ केले, फुंकले. टाकीतलं शिळं पेट्रोल काढून टाकलं आणि स्वतःच्या बाइकमधून बाटलीभर ताजं काढून ओतलं. हे सगळं चालू असताना तो ह्यांच्याशी बोलत होता. “काका, हा जेट तर पार बंद. बघा.” जेट ह्यांच्या तळहातावर ठेवायचा आणि गप्प बसायचा, त्यांचं बघून होईपर्यंत. ह्यांना बोलता येत नाही हे त्याला मी सांगायला हवं होतं. दोनदा तोंड उघडलंही. का कोण जाणे, सांगितलं नाही.

मग किक. गाडी सुरू झाली! सावंतांनी टाळ्या वाजवल्या. पण इंजिन एकसारखं चालेना. भर्रकन चढायचं आणि मग दम लागल्यासारखं खाली यायचं, बंद पडता पडता पुन्हा चढायचं. त्याने हवेच्या स्क्रूला पेचकस लावला आणि मान वर करून सहज विचारलं, “काका, हवा जास्त होतेय का?”

मी उत्तर देणार होते. सवयच ती. पण मला गाडीतलं काय कळतं? आम्ही सगळे थांबलो. ह्यांनी कान इंजिनाकडे केला, डोळे मिटले. ‘ते... ते...’ आणि मग स्वच्छ, थोडं घोगरं, पण त्यांच्याच आवाजात,

“कमी. हवा... कमी.”

त्याला काय नवल? त्याने नुसता पेचकस ह्यांच्या डाव्या हातात दिला. “मग तुम्हीच करा, काका. माझा कान अब्बांसारखा नाही.” मी खुर्ची पुढे सरकवली. डाव्या हाताने ह्यांनी स्क्रू किंचित आत घेऊन हवा कमी केली, थांबले, ऐकलं, अजून किंचित घेतला. इंजिनाचा आवाज निवला. एकसारखा, मऊ, आमच्या रविवारसारखा. हार माझ्या हातात तसाच होता, आणि सावंत भाऊ उगाचच दुसरीकडे बघत होते.

म्हात्र्यांची रिक्षा आली तसा तो खोका उचलून निघाला. मी त्याला आपट्याचं पान दिलं. त्याने ते कपाळाला लावून शर्टाच्या खिशात ठेवलं. “काल येणार होतो, काकी. काल बाइक पंक्चर झाली,” एवढंच म्हणाला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, मी, सगळं लिहून ठेवणारी. नंतर म्हात्र्यांना विचारता आलं असतं. विचारलं नाही. मला तो तसाच हवा होता.

संध्याकाळी सोनं द्यायला सावंत पती-पत्नी आले. “काय भाऊ, आज खूश ना?” त्यांनी ह्यांनाच विचारलं. उत्तर माझ्या जिभेवर आलेलं मी गिळलं. ह्यांच्या ओठांची हालचाल झाली, शब्द काही आला नाही. पण त्यांनी मान फिरवली नाही. डाव्या हाताने आपट्याचं पान सावंतांच्या हातावर ठेवलं आणि तो हात धरून ठेवला, बराच वेळ. मी मध्ये बोलले नाही. तेवढं एक काम त्या दिवशी मला नीट जमलं.

गिऱ्हाइकाला मी दुसऱ्या दिवशी नाही म्हणून कळवलं. आता रविवारी आम्ही दोघं खाली जातो, सावंतांचा पुतण्या किक मारतो, हे ऐकतात आणि स्क्रूला हात लावतात. थोडं पेट्रोल जळतं. शब्द कधी येतात, कधी येत नाहीत. एकदा ‘चहा’ आला, मग कितीतरी दिवस काही नाही, मग एका सकाळी माझं नाव. मी आता क्रम लावून मागत नाही. देवीपुढे बसते, हात जोडते, आणि म्हणते, आई, तू दिलंस तेवढं पोहोचलं. पुढचं तुझ्या वेळेने दे. आम्ही थांबलो आहोत.