निरोगी म्हणून दिलेलं रक्त

शैलजामॅडम गेल्याचा फोन त्यांच्या यजमानांनीच केला. मी विद्यापीठात, आमच्या विभागात होते, प्रात्यक्षिक परीक्षेच्या गडबडीत. "पद्मा, ती गेली गं," एवढंच म्हणाले सर, आणि मग उलट माझीच समजूत घालायला लागले. सकाळी चहा घेतला होता, पेपर वाचला होता, फार त्रास झाला नाही... मला रडू आलंच नाही. आला तो राग. आदल्याच आठवड्यात तर माझ्या नव्या लेखातल्या चुका काढून या बाईंनी मला फोनवर झाप झाप झापलं होतं! दुरुस्त केलेला मसुदा आता दाखवायचा कुणाला? या गोष्टीला महिना उलटून गेला. राग ओसरला, आणि खाली जे उरलंय त्याला आभार हाच शब्द आहे. तोंडावर तो कधी म्हणता आला नाही. म्हटला असता तर "नाटकं करू नकोस" असं ऐकून घ्यावं लागलं असतं.

मी सोलापुरातल्या विणकराच्या घरातली. आमच्या घरात तेलुगू, मॅडमच्या घरात कन्नड. आम्ही मराठीत भेटलो आणि जन्मभर मराठीतच भांडलो. एम.एस्सी.ला त्या आम्हाला जनुकांचं नियमन शिकवायच्या. सूक्ष्म आरएनए हा प्रकार माझ्या डोक्यात काही केल्या शिरेना. एक दिवस त्यांनी विचारलं, "वडील काय करतात तुझे?" म्हटलं, चादरीच्या मागावर आहेत. "मग जकार्ड पाहिलंयस की!" पाहिलं होतंच. मागाच्या वर भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं फिरतात. भोक असेल तिथला दोरा उचलला जातो आणि खाली चादरीवर मोर उमटतो. "आता कार्ड तेच आहे, फाटलं नाही, बदललं नाही. फक्त एका भोकावर कुणीतरी बोट ठेवलं. काय होईल?" मी म्हटलं, मोराचा तुरा जाईल. "झालं तर मग! जनुक म्हणजे तुझं कार्ड. त्याची प्रत निघते, त्या प्रतीवरून पेशी प्रथिनं बनवते. हा एवढासा आरएनए जाऊन प्रतीला चिकटतो आणि ती वाचूच देत नाही. जनुक शाबूत, पण काम बंद." मग म्हणाल्या, थकलेल्या हृदयात ही बोटं भलत्याच भोकांवर पडतात. नको ते झाकलं जातं, नको ते उघडं राहतं, आणि हृदयाची भिंत हळूहळू सैल पडत जाते. त्या तासाला मी ठरवून टाकलं, पीएच.डी. करायची तर याच बाईंकडे.

विषय मिळाला तो हाच. हार्ट फेल्युअर म्हटलं की लोकांना हार्ट अटॅक वाटतो. हे तसं नव्हे. यात हृदय चालू असतं, पण त्याचं पंपिंग कमी झालेलं असतं. पायाला सूज येते, दम लागतो, आडवं झोपवत नाही. अशा रुग्णांच्या रक्तात काही सूक्ष्म आरएनए वाढलेले आणि काही घटलेले दिसतात. ते आमच्या भागातल्या रुग्णांमध्ये मोजायचे होते. रक्त मागायला आम्ही दोघी रुग्णालयात जायचो. टेंभुर्णीकडचा एक शेतकरी आईला घेऊन आला होता. तो मॅडमवर उखडलाच. "आईच्या अंगात आदीच रगत न्हाय, आनि तुमी अजून काडून घेताय व्हय?" मॅडम त्याच्या शेजारी बाकावर बसल्या. "चमचाभरच घेणार. आणि खरं सांगते, याचा तुमच्या आईला काडीचा उपयोग न्हाई. पुढं कुणाला तरी झाला तर झाला." मला वाटलं, संपलं, आता हा कसला देतोय! त्यानं आईच्या हातावरचा पदर बाजूला केला. मग म्हणाला, "ग्या की मग. कुनाला तर हुंद्या." बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "खोटी आशा दाखवून एक थेंबही आणायचा नाही. कळलं?"

तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्त लागतं. ते कुठल्याही प्रयोगशाळेत मिळतं तसंच आम्हाला मिळालं, म्हणजे विभागातल्याच लोकांनी बाह्या वर केल्या. नळीवर नाव नसतं, नुसता कोड असतो. कोणता कोड कुणाचा हे फक्त मॅडमना ठाऊक. मी मोजायला बसले, तर निरोगी गटातला एक नमुना भलताच निघाला. अगदी रुग्णांसारखा. मी आकडे घेऊन गेले. त्यांनी कागद पाहिला आणि एकदम तडकल्या. "नळ्यांची अदलाबदल केलीस तू!" मीही काही कमी नाही. म्हटलं, मॅडम, मी एक वेळ माझं नाव विसरेन, पण नळी चुकवणार नाही. "परत कर." परत केलं. तेच आलं. "नवं रक्त देते, त्यावर कर." तेही केलं. पुन्हा तेच! माझी तर झोप उडाली. नमुना चुकला म्हणावं तर माझं सगळं काम संशयात, बरोबर म्हणावं तर आमची पद्धतच खोटी. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, मॅडम, हा एक नमुना काढून टाकू या ना!

त्यांनी खोलीचं दार लोटलं. "काढता येणार नाही. तो माझा आहे."

पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं त्यांना! मग मला का झापलंत, असं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तुला सांगितलं असतं तर तुझा हात थरथरला असता. मला खरा आकडा हवा होता." मग म्हणाल्या, "आणि घाबरले होते गं मी." इतकी वर्षं बरोबर काढली, पण हा शब्द त्यांच्या तोंडून तेवढ्या एकदाच ऐकला. जिना चढताना त्यांना धाप लागायची. त्या सोलापूरच्या उन्हाला दोष द्यायच्या आणि आम्हीही माना डोलवायचो. दुसऱ्या दिवशी मी त्यांना ओढतच टूडी इकोला नेलं. पंपिंग निम्म्यावर आलं होतं.

गोळ्या वेळेवर सुरू झाल्या म्हणून पुढची कितीतरी वर्षं त्या आमच्यात राहिल्या. माझी पीएच.डी. पाहिली, माझ्या लग्नात तेलुगू गाण्यांवर टाळ्या धरल्या, माझ्या लेकीला अ-आ-इ-ई शिकवलं. जेवणातलं मीठ मात्र सुटलं. "सोलापुरात राहून शेंगाचटणी अळणी खायची, याहून मोठी शिक्षा नाही बघ," असं म्हणत भाकरीबरोबर तीच अळणी चटणी चापून खायच्या. मी कौतुकानं कुणाला सांगायला लागले, की संशोधनानं आमच्या मॅडमना वाचवलं, की लगेच कान पकडायच्या. "एका माणसाच्या रक्तावरून काही सिद्ध होत नाही. ही तपासणी अजून दवाखान्यात आलेली नाही. उगीच लोकांना आशेला लावू नकोस." ठीक आहे मॅडम, सिद्ध होत नाही. पण मला ती वर्षं मिळाली, आणि त्यासाठी मी कुणाला पुरावा मागत नाही.

गेल्या आठवड्यात सर मॅडमचं कपाट रिकामं करायला विभागात आले. पुस्तकं बांधून झाल्यावर दारात घुटमळले. "तिचं अजून काही राहिलंय का गं इथं?" मला खोटं बोलवेना. त्यांना आत नेलं आणि फ्रीझर उघडला. शेवटची एक नळी उरली होती. आजार कळायच्या आधीचं, निरोगी म्हणून दिलेलं रक्त. नवीन कामाला असाच नमुना हवा होता, आणि तो वापरायला माझा हात होत नव्हता. सरांनी हातमोजा घालून ती नळी क्षणभर धरली. बोटभर नळी, वर बर्फाची साय. "ठेवून काय करणार आहेस हिचं?" मी म्हटलं, आठवण म्हणून असू दे सर. "आठवण?" सर हसले आणि त्यांचे डोळे भरून आले. "अगं, ती उरलेली भाजीसुद्धा टाकू द्यायची नाही घरात. वापर तू ते."

सोमवारी सकाळी ती नळी बाहेर काढून बर्फाच्या चुऱ्यात ठेवली. हे रक्त सावकाश वितळू द्यावं लागतं, घाई चालत नाही. करण्यासारखी बाकीची कामं पुष्कळ होती. मी स्टूल ओढून शेजारी बसून राहिले.