स्कोर सांगू नका, सरांकडे मॅच आहे!

किस्से काही मुद्दाम जमवावे लागत नाहीत. चार माणसं एकाच सोफ्यावर वर्षानुवर्षं बसली की ते आपोआप साठतात. मग एक दिवस सोफा हलवायची वेळ येते आणि खालून हरवलेल्या पेनांसारखे सगळे एकदम बाहेर पडतात. आमचा सोफा यंदा हलतोय, म्हणून म्हटलं सांगून टाकावेत.

हा सोफा बडोद्याच्या सयाजीगंजात, दिघे सरांच्या फ्लॅटमध्ये. सर पस्तीस वर्षं भूगोल शिकवून रिटायर झाले. मी आणि माझा दोस्त फणसे बाजव्याला रिफायनरीत. चौथे हसमुखभाई, सरांच्या वरच्या मजल्यावर राहतात, रोज पादऱ्याला जाऊन बियाण्यांचं दुकान चालवतात. आम्हा चौघांना बांधून ठेवणारी गोष्ट एकच, युरोपातल्या क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेची बाद फेरी!

आता अडचण अशी की या मॅचेस आपल्याकडे रात्री दीडला. आमची फर्स्ट शिफ्ट, सरांचं ब्लडप्रेशर. त्यामुळे आम्ही मॅच दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला सरांकडे बघतो, मोबाइल टोपलीत टाकून. दुधाची तहान ताकावर म्हणा हवं तर! पण नियम एकदम कडक: दिवसभरात कुणी स्कोर ऐकायचा नाही. ऐकला तर कबूल करायचं, आणि सगळ्यांना शेव-उसळ चारायची.

हा नियम पाळायचा म्हणजे काय, ते हसमुखभाईंना विचारा. एका सकाळी ते दोन्ही कानांत कापूस कोंबून पादऱ्याच्या बसमध्ये बसले. शेजारच्या बाईंनी खुणेनं विचारलं, कान दुखतो का? हसमुखभाईंना वाटलं, ही स्कोर विचारतेय. त्यांनी जोरात मान हलवली. बाईंना वाटलं, दुखणं फारच वाढलंय! मागच्या सीटवरच्या आजोबांनी लसणाच्या तेलाची बाटली काढली, दोघांनी डोकं धरलं आणि तिसऱ्यानं तेल सोडलं.

संध्याकाळी हसमुखभाई लसणाचा घमघमाट घेऊन हजर. "सर, स्कोर खबर नथी, पण डावा कान वीस वर्षांत एवढा मोकळा नव्हता!"

फणसेची तऱ्हा वेगळी. एकदा कॅन्टीनच्या लाइनीत एक जण त्याला म्हणाला, "अरे फणसे, काल रात्री तुझ्या क्लबने तर..." फणसेने डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात गणपतीची आरती सुरू केली. आता आरती सुरू झाल्यावर बडोद्यात गप्प कोण बसणार? लाइनीतल्या लोकांनी ट्रे खाली ठेवले आणि टाळ्या धरल्या. पाच मिनिटं कॅन्टीन बंद! शेवटी स्वयंपाकी महाराज हात जोडत बाहेर आले. "साहेब, आजे शुं छे?"

"आज बाद फेरी आहे," फणसे म्हणाला. महाराजांनी मान डोलावली आणि सगळ्यांच्या ताटात एकेक चमचा शिरा वाढला.

पण नियम खरा मोडला तो काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने. ॲप उघडलं की पहिल्याच चित्रावर स्कोर दिसतो. म्हणून ॲप उघडायचं काम काकूंकडे, कारण त्यांना फुटबॉलचं सोयरसुतक नाही. आम्ही चौघं भिंतीकडे तोंड करून उभे राहायचो. तर पहिल्याच वर्षी काकूंनी रिमोट हातात घेऊन शांतपणे विचारलं, "कुठली लावू? ती चार-एकवाली का?"

तेव्हापासून काकू फक्त "लागली!" एवढंच म्हणतात. शिवाय सरांनी जुन्या कॅलेंडरची एक पट्टी कापून टीव्हीच्या खालच्या कडेला चिकटवली. मॅचचं रेकॉर्डिंग किती वेळाचं आहे ते तिथल्या रेघेजवळच्या आकड्यावरून कळतं, आणि आकडा मोठा असला की एक्स्ट्रा टाइम आहे हे आधीच फुटतं. इतका बारीक विचार भूगोलाचा मास्तरच करणार!

क्लब निवडायची आमची रीत चिठ्ठ्यांची. बाद फेरीचा पहिला टप्पा सुरू होताना सोळा क्लबांच्या सोळा चिठ्ठ्या लीलो चेवड्याच्या, म्हणजे इथल्या ओल्या चिवड्याच्या, डब्यात टाकायच्या, प्रत्येकाने एक उचलायची. येईल तो क्लब आपला. आणि सरांचा हात असा की दरवर्षी बरोबर सगळ्यात लिंबूटिंबू क्लब त्यांच्याकडे. सर ॲटलास काढायचे, त्या क्लबचं गाव शोधायचे, तिथली नदी कुठली, पाऊस किती, लोक खातात काय, हे सगळं आम्हाला सांगायचे. मग क्लब पहिल्याच टप्प्यात आपटायचा. सर ॲटलास मिटून म्हणायचे, "चला, गाव तर बघून झालं!"

ते हसत म्हणायचे खरं. पण एवढ्या वर्षांत त्यांचा एकही क्लब दुसऱ्या टप्प्यात गेला नाही, आणि पुढच्या टप्प्याला सोफ्याच्या कडेला बसून दुसऱ्यांच्या क्लबसाठी टाळ्या वाजवणारे सर बघवत नसत.

यंदा सर फ्लॅट विकून नाशिकला मुलीकडे निघालेत, कायमचे. सामान निघायला दोनच आठवडे आहेत, म्हणजे आमच्या सोफ्यावर हा पहिला टप्पा शेवटचाच. त्यामुळे आम्ही तिघांनी ठरवलं, यंदा सरांना जिंकवायचंच. हसमुखभाईंनी सोळाच्या सोळा चिठ्ठ्यांवर सगळ्यात तगड्या क्लबचं नाव लिहिलं. प्लॅन असा की सरांनी पहिली चिठ्ठी उचलायची, आणि आम्ही आपापल्या चिठ्ठीतून वाचल्यासारखी दुसऱ्याच क्लबांची नावं ठोकून द्यायची.

सरांनी चिठ्ठी उघडली. वाचली. घडी घालून परत डब्यात टाकली. "हे गाव नको. हे मी मुलीबरोबर जाऊन बघून आलोय. दुसरं द्या." आणि आम्ही "सर, नियम!" म्हणेपर्यंत दुसरी उचलली. मग तिसरी. मग डबाच उपडा केला.

"पस्तीस वर्षं कॉपी पकडलीये मी," सर म्हणाले. "तीन बाकांवर एकच उत्तर, तेही एकाच अक्षरात! हसमुखभाई, निदान पेन तरी बदलायचं!"

मग त्यांनी स्वतःच्या हाताने सोळा चिठ्ठ्या लिहिल्या आणि त्यातून काढला कुठल्याशा बंदराच्या गावचा क्लब, बाद फेरीत पहिल्यांदाच आलेला. ॲटलासमध्ये गाव सापडायला भिंग लागलं. एका टप्प्यात दोन मॅच, दोन्हींचे गोल मिळून निकाल. पहिली घरच्या मैदानावर, दोन-शून्यने हरले. दुसरी बाहेर. पण सरांनी ॲटलास मिटला नाही.

दुसऱ्या मॅचच्या दिवशी माझा नियम सकाळी सव्वासहालाच मोडला. बसमध्ये पुढच्या सीटवरच्याच्या मोबाइलवर अख्खा निकाल दिसला. म्हणजे आता कबूल करून शेव-उसळ चारायला हवी. पण कबूल केलं की सरांची शेवटची मॅच नासणार. मी ठरवलं, अळीमिळी गुपचिळी.

संध्याकाळी सगळे जमलो. हसमुखभाईंच्या कानात कापूस नव्हता. कॅन्टीनमधूनही आज आरतीची काही बातमी नव्हती. पण मी माझ्याच चोरीत एवढा गुंतलेला की लक्षात आलं नाही. काकू म्हणाल्या, "लागली!"

अर्ध्या तासात सरांच्या क्लबने एक गोल मारला. मी किंचाळलो. आपण जरा जास्तच करतोय असं वाटलं, पण फणसे तर सोफ्यावर उभाच राहिला होता. त्यानंतर मात्र काही घडेना. सत्त्याऐंशीवं मिनिट लागलं, तरी दोन्ही मॅच मिळून सरांचा क्लब अजून एका गोलने मागे. समोरच्या क्लबचे प्रेक्षक गाणी म्हणायला लागले. सर ॲटलास मांडीवर घेऊन बसले होते. मी सोफ्याच्या पार कडेला सरकलो, निकाल माहीत असूनसुद्धा.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं, "अहो, संपत आली ना? चहा टाकू का?"

"आत्ता नको," टीव्हीवरची नजर न काढता सर म्हणाले, "अजून एक्स्ट्रा टाइम व्हायचाय."

"अने पछी पेनल्टी!" हसमुखभाई म्हणाले.

"सातवी पेनल्टी आपला गोलकीपर अडवतो ना काकू, तेव्हा टाका!" फणसे म्हणाला.

काकू हात पुसत दारात आल्या.

"म्हणजे सकाळी आणलेले पेढे त्यानंतर काढू ना?"