राहून गेलेलं झाड

सिग्नल लाल झाला, की आमच्या चौकातले दुचाकीवाले पांढऱ्या रेषेपर्यंत येतच नाहीत. वीस पावलं मागे, कडुलिंबाच्या सावलीत दाटीवाटीने थांबतात. काल मीही तिथेच थांबलो. मागच्या स्कूटरवरची बाई म्हणाली, "काका, जरा पुढे सरका ना, लेकराला ऊन लागतंय." मी सरकलो.

हा रस्ता रुंद करायचा नकाशा मीच काढला होता. आमचं नगररचनेचं ऑफिस याच रस्त्यावर होतं. पंख्याने कागद उडत, म्हणून आम्ही पंखा बंद करून खिडक्या उघड्या ठेवायचो. झाडांमुळे वारा गारच यायचा. चैत्रात कडुलिंबाची बारीक फुलं ट्रेसिंग पेपरवर पडायची, ती फुंकरीने उडवत आम्ही रेषा ओढायचो. नकाशावर झाड म्हणजे एक हिरवा गोल. साहेबांनी रस्त्याची रेषा बाहेर सरकवली आणि मी अर्ध्या ब्लेडने एकेक गोल खरवडून काढला. कागद फाटू नये म्हणून किती जपलं होतं!

एक गोल मात्र नजरेतून सुटला. नकाशा मंजूर झाल्यावर साहेबांना तो दिसला. "एवढंसं काम धड जमत नाही तुम्हाला?" ते सगळ्यांसमोर ओरडले. पण मंजूर नकाशा बदलता येत नव्हता; ते एक झाड तेवढं तोडायचं राहिलं.

काल त्या चुकीच्या सावलीत आम्ही सगळे उभे होतो.