धामणींवर टाकायचा खण

सापांची मला भीती वाटते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला धीट समजायला नको. तरीही होळी झाली की पुढच्या एखाद्या रविवारी आमचं सगळं घर नेऱ्याला आत्याकडे साप बघायला जायचं, आणि मी त्यात असायचेच. लोक माथेरानला जातात, अलिबागला जातात. आमच्या बाबांना साप लागायचे. ते मूळचे नेऱ्याचेच, आत्याचे धाकटे भाऊ, नोकरीपायी पनवेलात आलेले. आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधायची, बाबांनी टोपी घालायची, आणि ताईने वाटभर मला छळायचं. "पायाशी बघ, काहीतरी वळवळलं." मी दर वेळी पाय वर घ्यायचे. अजून घेते.

आत्याच्या शेताच्या कडेने ओढा जातो. उन्हं तापली की तो आटत जातो आणि खडकात पाण्याची एकच कोंड उरते. मग मासे तिथेच, बेडूक तिथेच, आणि त्यांच्या मागावर पाणदिवड, म्हणजे पाण्यातले साप, तेही तिथेच. बांधावर गुपचूप बसायचं. आधी काही म्हणजे काही दिसत नाही. मग पाण्यातून एक डोकं वर येतं, आणि ते एकदा दिसलं की जिकडे बघावं तिकडे डोकीच डोकी. नशीब जोरावर असलं तर पलीकडच्या गवतात धामणीही लागायच्या, म्हणजे त्यांची जोडी जुळायची. दोन लांबलचक धामणी एकमेकींना पीळ घालून अर्ध्या उभ्या राहतात, डोलतात, धपकन पडतात, पुन्हा उठतात. ताई तोंड उघडं टाकून बघत बसायची. तिला भूक नाही, तहान नाही. बाबा म्हणायचे, हिला आत्यालाच देऊन टाकू, घरी येऊन तरी काय करते.

आमच्या लोकांत एक समजूत आहे. धामणी अशा लागलेल्या दिसल्या की त्यांच्यावर कोरं कापड टाकायचं. त्या निघून गेल्या की ते उचलायचं आणि घरी देवाजवळ ठेवायचं. घर भरतं म्हणतात. मूल होत नसेल त्या बाईची त्या कापडाने ओटी भरायची. आत्याच्या नणंदेला गुण आला होता, असं आत्या छातीठोकपणे सांगायची. लहानपणी आम्हाला त्याचं काय? पण ताईचं लग्न होऊन बरीच वर्षं गेली, दवाखाने सुरू झाले, आणि आईच्या पिशवीत भाकऱ्यांच्या जोडीला एक हिरवा खण येऊ लागला.

तिथून पुढे त्या रविवारची सगळी मजा गेली. आई पाण्याकडे बघेचना. तिचे डोळे सारखे पलीकडच्या गवतात. आणि धामणी अशा हट्टी की नेमक्या त्या वर्षांत लागेचनात. परत येताना आई खण घडी घालून पिशवीत ठेवायची, ताई खिडकीबाहेर बघत बसायची. मला आईचा राग यायचा. पण तिच्याशी भांडायची सोयही नव्हती, कारण ती ताईच्या वाईटावर थोडीच होती?

मग एका वर्षी मी ताईला न्यायला करंजाडेला तिच्या बिल्डिंगखाली गाडी लावली. आईबाबा मागे बसले होते. ताईने मला जरा बाजूला घेतलं.

"उपचार थांबवलेत आम्ही," ती म्हणाली. "दोघांनी मिळून ठरवलं. मी दमले गं. आता आईला कसं सांगू?"

"भाकरी खाल्ल्यावर सांग," मी म्हटलं. "उपाशीपोटी ती कुणाचं ऐकत नाही."

ताई हसली, पण नुसतं तोंडाने. वाटभर तिने माझी एकदाही खोडी काढली नाही, तेव्हा मला खरी काळजी वाटायला लागली.

आत्या दारातच उभी होती. "आज हायेत हां," ती आईला म्हणाली. "सकाळीच बघितल्या मी. कापड आनलंस ना गो? आज नाय सोडायचं."

आणि खरंच होत्या. आम्ही बांधावर पोचलो तर पलीकडे गवत हलत होतं आणि दोन धामणी एकमेकींना पिळून उठत होत्या. आईने घाईघाईने पिशवी उघडली. तिने खण काढला आणि ताईच्या हातात कोंबला. "जा. टाक."

ताईने खणाकडे बघितलं. "टाकते," ती म्हणाली. "तुझ्यासाठी टाकते, आई. पण त्यानंतर हा विषय बंद. आम्ही औषधंसुद्धा बंद केलीत. मला आता नाही होत."

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ताई चप्पल काढून कोंडीच्या कडेने पलीकडे चालू लागली. जवळ पोचली तोच धामणी पुन्हा वर उठल्या, जवळजवळ तिच्या कमरेएवढ्या. ताई थांबली. हातात घडी घातलेला खण, आणि तोंड उघडं. अगदी लहानपणीसारखं. खण टाकायचाय हे ती विसरूनच गेली होती.

"टाक गो, जातील त्या," आत्या कुजबुजली.

"नको," आई म्हणाली.

"आता काय झालं तुला, वयनी?"

"ती बघतेय. बघू दे तिला."

धामणी गवतात निघून जाईपर्यंत आम्ही सगळे तसेच बसून राहिलो. आत्याने पुढे भाकरीवर चटणी वाढतानाही कुरकुर केली, तिला ते पटलंच नाही.

परतताना आई मागे ताईशेजारी बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली. "मला वाईट वाटणार," ती म्हणाली. "खूप वाटणार. मला नातवंड हवं होतं. पण तू एवढी दमलीस, ते मला दिसायला हवं होतं. मी आपली इतकी वर्षं गवतात बघत बसले."

ताई तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मला पुढचा रस्ता नीट दिसेना, म्हणून मी नेऱ्याच्या फाट्यावर गाडी बाजूला घेतली. बाबा म्हणाले, रसवंती दिसतेय, रस पिऊ. मग आम्ही रस प्यायलो.

"याचं काय करू?" ताईने खण पुढे केला.

"ब्लाउज शिव," आई म्हणाली. "तुझ्याकडे हिरवं आहे कुठे?"

पुढे कधीतरी मी मोबाइलवर वाचलं, की अशा पीळ घातलेल्या धामणी म्हणजे जोडपं नसतंच. ते दोन नर असतात, कुस्ती खेळत असतात. आईला सांगितलं. ती लसूण सोलायची थांबली. "म्हणजे दोन बाप्यांच्या मारामारीवर मी लेकीचा खण टाकायला निघाले होते?" हसून हसून तिला ठसका लागला. पाणी प्यायच्या आधी तिने ताईला फोन लावला.

आता पलीकडच्या गवताच्या जागी फार्महाऊसची भिंत आली आहे आणि धामणी कुठे गेल्या कोण जाणे. मला त्यांची आठवण येते, भीती वाटते तरी. कोंडीत पाणदिवड मात्र अजून जमतात. यंदाही आम्ही गेलो. ताईने तो हिरवा ब्लाउज घातला होता, काखेत दोनदा उसवून शिवलेला. बांधावर आईने हट्टाने तिच्याच शेजारी जागा घेतली. ताईने पाण्याकडे बोट दाखवलं. आईने आधी ताईकडे बघितलं, आणि मग पाण्याकडे.