मावशीने झाडाचं नाव सांगितलं

माझी मावशी अष्टमी गावात राहते आणि काविळीचं औषध देते. तीन दिवस उपाशीपोटी पाल्याचा रस, पैसा घ्यायचा नाही आणि झाडाचं नाव कुणाला सांगायचं नाही. नाव तोंडाबाहेर पडलं की गुण गेला, असं तिच्या सासूने तिला बजावलेलं. धाटावच्या केमिकल कारखान्याच्या शिफ्टच्या बसमध्ये त्याची जाहिरात मी करायचो, पदरचा मीठमसाला घालून. एका रोग्याची कावीळ अशी उतरली की कुंडलिका तीन दिवस पिवळी वाहिली, असं मी सांगितलं. नदीने रंग बदलला, हे त्या बसमध्ये कुणालाच खोटं वाटलं नाही.

मग शेजारी बसणाऱ्या सोबत्याचे डोळे पिवळे झाले. रामवाडीचा माणूस, डॉक्टरने रक्त तपासायला सांगितलेलं. मी म्हटलं, सुया कशाला टोचून घेतोस, मावशीकडे चल. तीन दिवस मीच त्याला गाडीवरून नेलं. चौथ्या दिवशी तो बायकोला ओळखेना.

त्याला पेणच्या सरकारी दवाखान्यात ठेवलं. तिथे हल्ली आयुर्वेदाचीही खोली आहे, डॉक्टरीणबाई आहेत. मोठ्या डॉक्टरांनी त्यांनाच बोलावलं, की याच्या पोटात कोणता पाला गेलाय ते बघा. त्यांनी मला विचारलं. एरवी एका दमात अख्खं जंगल उभं करणारा मी, पण मला एका पानाचं नाव येत नव्हतं. तसाच अष्टमीला गेलो आणि मावशीला मागे बसवून आणलं. 

डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, मीसुद्धा झाडपालाच शिकले आहे, मला सांगायला काय हरकत आहे?

"तुला सांगितलं तर उद्या दारात येईल त्याला काय देऊ गो बाय?"

"आणि नाय सांगितलं तर ह्याला आम्ही काय देऊ?"

मावशीने खाटेकडे पाहिलं. त्याची बायको पायाशी उभी होती. मग मावशीने नाव सांगितलं, किती पानं तेही सांगितलं. बाईंनी केसपेपरवर लिहून घेतलं.

सोबती वाचला, अजून नीट उभा राहात नाही. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पाल्यात विष नव्हतं, फुकट गेले ते तीन दिवस. ते कुणी घालवले, हे त्यांनी विचारलं नाही.

पुढे त्या अष्टमीला आल्या. झाडपाल्याचं औषध देणारी म्हणून तुमची नोंद करू, आमच्या खोलीत बसा, रोग्याची तपासणी आधी आम्ही करू, म्हणाल्या. मावशीने चहा दिला आणि म्हणाली, आता माझ्या हाताला गुण नाय.

परवा मी तिथे असताना नागोठण्याहून एक म्हातारी आली, हळदीसारखी पिवळी. मावशी नाही म्हणाली. म्हातारी उंबऱ्यावरून हलेना, पदर पसरून बसली. मावशीने माझ्याकडे बोट दाखवलं.

"ह्याच्या गाडीवर बस. रगत तपासून घे."

मी किल्ली घेतली. तिला गाडीवर चढवताना तिने विचारलं, तिथे गुण येतो ना? मला काहीही सांगता आलं असतं. मी गाडी चालू केली.